फायटर आजारी पडलाय? आधी पाणी बघा!

मासा पाण्यात बुडून मरतो का? फायटर मरू शकतो. बेट्टा ऊर्फ फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या जरा वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याचं नाव लॅबिरिंथ. मासा वर येऊन तोंडात हवेचा घोट घेतो, ती हवा या घड्यांमध्ये जाते आणि तिथून प्राणवायू थेट रक्तात. कल्ले ठणठणीत असले तरी वर यायची वाट बंद झाली, की तो गुदमरतो.

म्हणून आजारी फायटरचा पहिला उपचार फुकटचा आहे. त्याला वेगळ्या टबात घ्या आणि पाणी दहा-बारा सेंटिमीटरच ठेवा. अंगात त्राण नसलेल्या माशाला दर श्वासासाठी फूटभर वर पोहावं लागत असेल, तर तो दमूनच जातो. टबात खडे नकोत, वाळू नको. एखादं रुंद पान पाण्याच्या वरच्या थरात तरंगत ठेवा, म्हणजे त्यावर अंग टाकून त्याला तोंड सहज वर काढता येईल. हीटर असेल तर तो पाण्याखाली पूर्ण बुडतोय ना, हे तेवढं बघा. आणि एवढ्या थोड्या पाण्यात घाण लगेच साठते, तेव्हा निम्मं पाणी रोज बदलायची तयारी हवी.

दुकानदाराचं अर्धं खरं

‘फायटरला मोटर लागत नाही, बरणीतही मजेत राहतो.’ फायटर घ्यायला गेलात आणि हे वाक्य ऐकलं नाहीत, असं क्वचितच होतं. प्राणवायूपुरतं ते खरं आहे, तो वरची हवा घेतोच. पण फिल्टर काही फक्त बुडबुड्यांसाठी नसतो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले दाणे कुजतात, त्यातूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया कल्ले भाजून काढतो. फिल्टरच्या स्पंजात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू वस्तीला असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून आणि झाडांच्या मुळांनी कमी होतं. ही वस्ती नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात ‘आणला तेव्हा चांगला होता हो’ म्हणत लोक मासा घेऊन दुकानात परत जातात.

थायलंडच्या मध्य भागात, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात, फायटर भाताच्या खाचरांत आणि पाणथळींत राहतो. ‘एवढ्याशा डबक्यात राहणारा मासा’ ही त्याची ख्याती तिथूनच आली. खाचर उथळ असतं, पण पसरलेलं असतं आणि झाडझाडोऱ्याने भरलेलं असतं. दोन लिटरच्या बरणीत यातलं काहीच नसतं. माझं मत विचाराल तर दहा लिटरच्या खाली फायटर ठेवूच नये. वीस लिटर असेल तर चूक पोटात घालायला पाणी पुरेसं असतं.

स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंना मारतं आणि सहा आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाहून जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-चारदा पिळायचा. कळकट दिसला तरी चालेल.

पीएच एक अंकाने वाढला, तर विष दहापट

टाकीतला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप बरंचसं निरुपद्रवी, दुसरं विषारी. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. ९ ला तर एक तृतीयांशाहून जास्त!

याचा घरगुती अर्थ फार महत्त्वाचा आहे. महिनोन्‌महिने न बदललेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं, तेव्हा त्यात साठलेला अमोनिया गप्प बसून असतो. मग एक दिवस मासा सुस्त दिसतो, घरातलं कुणीतरी काळजीने सगळं पाणी ओतून देतं आणि बोअरचं ताजं, जड पाणी भरतं. पीएच एकदम चढतो. खड्यांत आणि तळाच्या गाळात उरलेला अमोनिया विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासा गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे रसायन असतं, तापमानाचा धक्का असतो, नाहीतर क्लोरीन. जुन्या, दुर्लक्षित टाकीचं पाणी थोडं-थोडं, रोज पंधरा-वीस टक्के बदलत आणायचं. नियमित बदललेल्या टाकीत मात्र मासा आजारी पडला, तर निम्मं पाणी बिनधास्त बदला. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट हवं.

थेंबांची टेस्ट किट मिळते. औषधाच्या बाटल्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ती स्वस्तच पडते. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. कुठेही रंग चढला, तर आजाराचं नाव शोधण्याआधी पाणी बदला.

फोटो स्टुडिओतलं औषध टाकीत

क्लोरीन काढायला दुकानात जे थेंब मिळतात, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटोग्राफरना हे ‘हायपो’ म्हणून पाठ आहे. डार्करूममध्ये फोटो पक्का करायला हेच वापरायचे. बादलीभर पाणी दिवसभर उघडं ठेवलं तरी क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन मात्र असं उडत नाही, त्याला थेंबच लागतात.

थंडीने गारठलेला, आजारी नव्हे

फायटरला २४ ते २८ अंश मानवतात. मुंबई-गोव्यात वर्षाचे बरेच महिने हे आपोआप जमतं. पुण्यात, नाशकात, नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नाही जमत. लहान टाकीचं पाणी खोलीइतकंच गार होतं, आणि झटपट होतं. मासा तळाशी बसतो, खात नाही, पर मिटून घेतो. लोक औषध घालतात, खरं तर हीटर घालायला हवा. लिटरमागे साधारण एक वॅट हा हिशेब धरा. वीस लिटरला पंचवीस वॅटचा छोटा हीटर पुरतो. सोबत थर्मामीटर हवाच, कारण स्वस्तातल्या हीटरचा आकडा आणि पाण्याचं खरं तापमान यांची गाठ पडेलच असं नाही. वीज गेली तर टाकीभोवती जाड चादर गुंडाळा.

उलट टोकही आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. बाकीचे मासे विदर्भाच्या उन्हाळ्यात धापा टाकतात, तेव्हा फायटर वरची हवा घेऊन निभावून नेतो.

पांढरे ठिपके आणि एका परजीवीचं वेळापत्रक

अंगावर मिठाचे दाणे भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, तर तो ‘इच’. पूर्ण नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. १८७६ साली फूके या संशोधकाने ते दिलं. या परजीवीचं आयुष्य तीन अंकी आहे. पहिल्या अंकात तो माशाच्या कातडीखाली चरतो. तिथे त्याला कुठलंही औषध गाठत नाही. पोट भरलं की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात, कधी हजारभरसुद्धा. तिसऱ्या अंकात ही पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधत निघतात. औषध लागू पडतं ते एवढ्याच काळात.

म्हणजे ठिपके नाहीसे झाले त्या दिवशी औषध थांबवणं ही हमखास फसगत! ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी बसून वाढतोय. २५-२६ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंड पाण्यात फार रेंगाळतं. म्हणून हीटरने पाणी हळूहळू २९-३० अंशांपर्यंत नेतात. परजीवीला थारा देण्यासाठी नव्हे, तो लवकर पोहायच्या टप्प्यावर यावा आणि औषधाच्या तडाख्यात सापडावा म्हणून. शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस औषध चालू ठेवायचं.

आता गंमत बघा. अंगावर कापसासारखा पांढरा-करडा थर असेल, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असेल, तर तो बहुधा कॉलम्नॅरिस. दिसतो बुरशीसारखा, पण फ्लॅव्होबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचा तो रोग आहे आणि ऊब मिळाली की फोफावतो. इच समजून पाणी तापवलंत, तर मासा एक-दोन दिवसांत हातचा जातो. तेव्हा हीटरची कळ फिरवण्याआधी भिंग घ्या, नाहीतर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. सुटे, गोल, उठावाचे ठिपके आणि कापसाचा थर यांतला फरक फोटोत स्पष्ट कळतो.

तिसरा चोर आहे व्हेल्वेट. दिवसाच्या उजेडात तो दिसतच नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा झोत माशावर तिरका टाका. अंगावर सोनेरी-गंजकट थर चमकला तर व्हेल्वेट. याला कारण असणारा पिसिनूडिनियम हा जीव अर्धा वनस्पतीच्या वळणाचा. त्याच्यात हरितद्रव्य असतं आणि तो उजेडावरही अन्न तयार करतो. म्हणून औषधासोबत टाकीचा दिवा बंद आणि भोवती काळा कागद.

शेपूट झडली की त्यानेच चावली?

हाफमून जातीच्या फायटरची शेपटी पूर्ण उघडली की १८० अंशांत पसरते. दिसायला देखणी, वागवायला ओझं. वैतागलेले काही फायटर स्वतःचीच शेपटी चावून टाकतात. चावा असेल तर रात्रीतून, स्वच्छ अर्धगोल तुकडा गेलेला दिसतो. सडत असेल तर कडा काळसर किंवा लालसर होतात, फाटत-विरत जातात आणि रोज थोडं-थोडं कमी होतं. दोन्हीत पहिला उपाय स्वच्छ पाणी. सौम्य सड कित्येकदा एवढ्यावरच थांबते. चावणाऱ्या माशाचा वैताग शोधा: पाण्याचा झोत जोरात आहे का, काचेत प्रतिबिंब दिसतंय का, शेजारच्या बरणीत दुसरा नर आहे का?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबू. २०२० साली जपानच्या कितासातो विद्यापीठाच्या संशोधकांनी झुंजणाऱ्या फायटरांच्या जोड्या अभ्यासल्या. एकमेकांना चावणं, जबड्यात जबडा अडकवणं, मध्येच झुंज सोडून हवेचा घोट घ्यायला वर येणं, हे सगळं दोघे तालात करत होते. तासभर झुंजलेल्या जोडीच्या मेंदूंतल्या जनुकांची हालचालही एकमेकांशी जुळत गेलेली सापडली, वीस मिनिटं झुंजलेल्यांत तेवढी नव्हती. दुसरा नर नुसता दिसला तरी फायटर कल्ल्यांची झालर फुलवून उभा राहतो. आजारी माशाने ही ताकद खर्च करणं परवडणारं नाही. दोन बरण्यांमध्ये एक पुठ्ठा उभा करा, झालं काम.

माणसाने या माशाला पाळून किती वर्षं झाली असतील? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचं उत्तर आहे, किमान हजार वर्षं. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव तेवढं अलीकडचं, १९१० चं. ते चार्ल्स टेट रेगन यांनी दिलं. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याच्या तीनच वर्षं आधी, थायलंडच्या झेंड्याचे रंग अंगावर घेऊन जन्मलेला एक फायटर ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाथला गेला होता.

स्वयंपाकघरातलं मीठ, केमिस्टचं मीठ

गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि शरीरातले क्षार बाहेर झिरपत असतात. मूत्रपिंड दिवसरात्र हे पाणी उपसत बसतं. पाण्यात थोडं मीठ घातलं की ही ओढाताण कमी होते आणि वाचलेली ताकद दुखण्याशी लढायला मिळते. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाटही अडवतं. साधं मीठ, लिटरला एक ते दोन ग्रॅम. म्हणजे पाच लिटरला सपाट चहाचा चमचा इथपासून सुरुवात. आधी मगभर पाण्यात विरघळवा, मग घाला. काळं मीठ, सैंधव नको. आठ-दहा दिवसांच्या पुढे चालू ठेवू नका, आणि झाडं असलेल्या टाकीत घालू नका. मीठ उडून जात नाही, हे विसरायचं नाही: पाणी आटलं म्हणून भर घालाल तेव्हा ती साध्या पाण्याची, काढलेल्या पाण्याच्या बदल्यात भरता तेवढ्यापुरतंच मीठ.

पोट फुगलं, मासा एका कुशीवर तरंगतोय, तर बद्धकोष्ठ असू शकतं. तिथे हे मीठ कामाचं नाही. केमिस्टकडचं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, हे माशालाही रेचक. त्याआधी दोन-तीन दिवस उपाशी ठेवून बघा. धडधाकट फायटर आठवडाभरही उपाशी राहतो, काही बिघडत नाही. उकडलेला वाटाणा भरवा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. फायटर कीटक आणि अळ्या खाणारा मासा आहे. डॅफ्निया नावाचा पाणपिसू त्याच्या पोटाला मानवतो आणि त्याच्या कवचाने पोटही साफ होतं.

पोट फुगलं आहे आणि वरून पाहिल्यावर खवले अंगापासून उभे राहिलेले दिसताहेत, तर दुखणं गंभीर आहे. हा जलोदर. मूत्रपिंडाने हात टेकल्याचं हे लक्षण, आणि यातून फार थोडे मासे उठतात. तेव्हा त्याच्यावर एकामागून एक बाटल्या ओतत राहू नये. ऊबदार, स्वच्छ, उथळ पाणी, अंधार आणि शांतता द्यावी.

निळ्या औषधाची कुंडली

दुकानातलं निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. जर्मनीत हाइनरिश कारो यांनी ते १८७६ मध्ये कापड रंगवण्यासाठी तयार केलं. इचला नाव मिळालं तेही हेच साल! १८९१ मध्ये पाउल गुटमान आणि पाउल एर्लिश यांनी ते मलेरियाच्या रुग्णांना दिलं. प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन मलेरियावर औषध म्हणून दिलं गेलं, त्याचा हा आरंभ. नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहायचा थांबतं. माणसाला होणाऱ्या याच प्रकारच्या विकारावर डॉक्टर आजही मिथिलीन ब्लू वापरतात.

माशाच्या अंड्यांवरच्या बुरशीला ते छान. पण मुख्य टाकीत टाकू नका. फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. वेगळ्या टबातच वापरा. कुठलंही औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. आणि डोस काढताना टाकीच्या मापांवर जाऊ नका. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी टाकीत काठोकाठ २७ लिटर मावतात. वरची मोकळी जागा, खडे, सजावट वजा करता पाणी वीसच भरतं. लहान टाकीत डोस चुकतो तो इथे.

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायचा सल्लाही सर्रास मिळतो. हे करू नका, असं मी कळकळीने सांगेन. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून ठेवतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा निम्माशिम्मा उपयोगही होत नाही. अर्धवट डोसाला सरावलेले जिवाणू मात्र तयार होतात, आणि ते पाणी शेवटी आपल्याच गटारात जातं. प्रतिजैविक द्यायचंच असेल तर पशुवैद्याला विचारून, मासा नेमका कशाने आजारी आहे हे ठरल्यावर.

रस्त्यावर पडलेलं औषध

थायलंडचे मासेपालक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात एक वाळकं पान टाकतात. ऑनलाइन ते ‘इंडियन आमंड लीफ’ म्हणून पाकिटात विकत मिळतं. ते आपलं देशी बदामाचं पान! मुंबईच्या शाळांच्या अंगणात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत या झाडाची लाल पानं ढिगाने पडतात. पानातली टॅनिनं पाणी चहाच्या रंगाचं करतात, पीएच किंचित उतरवतात आणि जिवाणू-बुरशीला थोडा आळा घालतात. झाडाखाली आपोआप पडलेलं, पूर्ण वाळलेलं, तपकिरी पान घ्या. वाहत्या रस्त्याकडेचं किंवा फवारणी झालेलं नको. धुऊन, लहान टाकीला अर्धं पान पुरे. पान दुखणं बरं करत नाही, पण बिचकलेला फायटर त्या तांबूस पाण्यात लवकर निवांत होतो.

एक काळजी स्वतःचीही: हाताला जखम असेल तर टाकीत हात घालण्याआधी हातमोजा घाला. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माशांना क्षयासारखं दुखणं देतो आणि माणसाच्या जखमेतून शिरून बरी व्हायला महिने घेणाऱ्या गाठी उठवतो. १९२६ साली तो पहिल्यांदा सापडला, तोही फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत.

हे आजार नाहीत!

पानावर आडवा पडून स्वस्थ आहे? झोपलाय. माशांना पापण्या नसतात, म्हणून डोळे उघडे. पाण्यावर बुडबुड्यांचा फेस? नराने घरटं बांधलंय. अंडी तो त्यातच ठेवतो आणि खाली पडलेलं अंडं तोंडाने उचलून परत लावतो. मादीच्या पोटाखाली एकच पांढरा ठिपका? अंडी घालायची नळी, इच नव्हे. कल्ल्याखालून काळी दाढी डोकावते? फुलवायची झालर आहे, सूज नाही. अंगावर आडव्या गडद रेघा असतील तर मासा घाबरलाय, मादीच्या अंगावर उभ्या पट्ट्या असतील तर ती विणीला तयार आहे. मार्बल जातीचा मासा तर आयुष्यभर रंग बदलतो. निळा आणलेला वर्षाने पांढरा दिसला तरी तब्येत ठीक असू शकते. जाड, चकचकीत खवल्यांच्या ड्रॅगन जातीत डोळ्यावर खवला वाढून मासा आंधळा होतो, त्याला औषध नाही; दाणे रोज त्याच कोपऱ्यात टाकत जा, तो सरावतो.

बरा होत आलेल्या माशाला पहिले काही दिवस दोनच दाणे, तेही तो लगेच खाईल तेवढेच. झडलेली शेपटी परत येऊ लागते, तेव्हा नवी कड आधी काचेसारखी पारदर्शक असते, कधी पांढुरकी. रंग मागाहून भरतो. ही कड बुरशी समजून पुष्कळ जण पुन्हा निळं औषध ओततात. ओतू नका.